ऑइल कूलरच्या नळ्या बदलताना: आधी जोड ओळखा, नळी शेवटी कापा

ऑइल कूलरची, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या छोट्या रेडिएटरची, नळी पाझरायला लागली की बहुतेक जण थेट दुकान गाठतात आणि दोन मीटर नळी घेऊन येतात. मग जुने जोड खोलायचे, आटे जुळत नाहीत म्हणून पुन्हा दुकानात जायचं, कुठला तरी अडॅप्टर आणायचा, तरी ओल दिसते म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि शेवटी क्लिप आवळून ‘सध्या चालेल’ म्हणायचं. इंजिन ऑइलच्या बाबतीत हे ‘सध्या’ महागात पडतं. नळी जोडातून सुटली तर ऑइल पंप थांबत नाही. तो इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं तेल अर्ध्या-एक मिनिटात रस्त्यावर ओतून मोकळा होतो, आणि तेलाच्या दाबाचा दिवा लागलेला लक्षात येईपर्यंत बेअरिंग गेलेली असतात. तेच तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर गाडी पेटूही शकते.

तेलाचा दाब तसा फार नसतो. गरम इंजिनात साधारण २ ते ५ बार, थंड इंजिन सुरू करताना ७-८ बारपर्यंत. धड नळी यापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसते. नळी मधोमध फुटल्याची उदाहरणं कमीच. घात होतो तो टोकाशी: न जुळणारे आटे, चुकीची बैठक (जोडाचे दोन भाग टेकून तेल अडवतात ती जागा), आत राहिलेला कचरा, घासलेली कड. म्हणून कामाचा क्रम उलटा करा. जोड आधी, वाट मग, नळी सर्वांत शेवटी.

## हे कोणत्या गाडीला लागू आहे

आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्यांत ऑइल कूलर फिल्टरच्या बुडाशीच बसवलेला असतो आणि त्यात कूलंट फिरतं. बाहेर तेलाच्या नळ्या नसतातच. तिथे गळती असेल तर गॅस्केट बघा, पुढचं वाचण्याची गरज नाही. हा लेख आहे रेडिएटरच्या पुढे किंवा बाजूला वेगळा कूलर आणि त्याला जाणारी-येणारी नळ्यांची जोडी असलेल्या गाड्यांसाठी. जुन्या लँड रोव्हरच्या टीडीआय डिझेलमध्ये ही रचना आहे. अमेरिकेतल्या १९९० च्या दशकातल्या शेव्हरोले आणि जीएमसी पिकअपमध्येही आहे, आणि रबर जिथे धातूच्या पाइपवर दाबून बसवलंय तिथे त्या नळ्या पाझरतात हे तिथे अशी गाडी वापरणाऱ्या मराठी मंडळींना माहीत असेलच. शिवाय ऑफ-रोडिंगसाठी किंवा ट्रॅकवर पळवायला फिल्टरखाली सँडविच प्लेट (तेल कूलरकडे वळवणारी चकती) टाकून कूलर लावून घेतलेल्या गाड्या आल्याच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कूलरच्या नळ्या दिसायला अशाच असतात, पण तिथला दाब कमी असतो. त्यामुळे तिथे खाचेच्या निपलवर (नळीच्या आत जाणाऱ्या धातूच्या टोकावर) रबरी नळी चढवून क्लिप लावली तरी चालतं. तिथलं बघून इंजिनाला तेच करणं ही या कामातली सर्वांत धोकादायक नक्कल.

## तयारी

गाडी तीन-चार दिवस जागेवरून हलणार नाही हे धरून चला. नेमकी फिटिंग मिळेपर्यंत काम अर्धवट उघडं राहतं, आणि ‘उद्या ऑफिसला जायचंय’ या घाईतच क्लिपा लागतात.

लागणारं सामान: जॅक आणि दोन पक्के स्टँड, व्हर्नियर, पिच गेज, प्रत्येक मापाचे दोन-दोन पाने, व्हाइस आणि त्याच्या जबड्यांवर चढवायला अॅल्युमिनियमच्या मऊ पट्ट्या, एक मिमी जाडीची कटिंग डिस्क लावलेला छोटा ग्राइंडर, उघडी तोंडं झाकायला प्लास्टिकच्या टोप्या, परमनंट मार्कर, टॉर्च, चष्मा, नवीन तेल आणि फिल्टर. शेजारी एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही.

## टप्पा १: गळती खरंच नळीची आहे का

वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून निघालेलं तेल ओघळत येऊन नळीच्याच जोडावर थांबतं, आणि दोष नळीच्या माथी येतो. सगळा भाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा, जोडांवर आणि नळीवर टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. रबर आणि धातूच्या जोडातून येत असेल तर नळी बदलायचीच. नटाखालून येत असेल तर आधी ओ-रिंग किंवा वॉशर बदलून बघा. कदाचित शंभर रुपयांत काम भागेल.

## टप्पा २: तेल काढा, जुन्या नळ्या उतरवा

तेल कोमट असताना काढा, कढत नको. फिल्टरही काढा. कूलर आणि नळ्यांत गाडीनुसार अर्धा ते एक लिटर तेल अडकलेलं असतं, ते नळी सुटताक्षणी अंगावर येतं. परात आधी सरकवा.

खोलताना नेहमी दोन पाने: एक नटावर, दुसरा कूलरच्या तोंडाच्या षटकोनावर. एकाच पान्याने जोर लावला की कूलरचं मऊ अॅल्युमिनियमचं तोंड पिळवटतं आणि नळीपायी कूलरही जातो. नट गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गॅसची शेगडी किंवा ब्लोटॉर्चची ज्योत इथे आणू नका. तेल आहे, रबर आहे.

उतरवण्याआधी फोटो काढा: कोणती नळी वर, कोणती खाली, कुठे क्लॅम्प, कुठे वळण. तोंड उघडलं की लगेच टोपी. जुन्या नळ्या फेकू नका, त्यांची टोकं दुकानात दाखवायला लागणार आहेत.

थांबा: इंजिनाचं बेअरिंग आधी गेलेलं असेल आणि दुरुस्तीसोबत नळ्या बदलत असाल, तर जुना कूलरही बदला. त्याच्या बारीक फटींत अडकलेला धातूचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही. नंतर तो सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो.

बेअरिंगचा प्रश्न नसेल तर कूलर रॉकेलने दोन्ही दिशांनी धुवा, हवा मारून सुकवा, तोंडं झाका.

## टप्पा ३: चारही टोकं ओळखा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. दोन नळ्या, चार टोकं, आणि चारही सारखी असतील असं गृहीत धरू नका. इंजिनाकडे एक प्रकार आणि कूलरकडे दुसरा, असं सर्रास असतं. प्रत्येक टोकाबद्दल दोन गोष्टी कागदावर लिहा: आटे कोणते, आणि तेल अडवतं कोण.

आधी आटे. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा, पिच गेजने आट्यांतलं अंतर. नुसत्या व्यासावर विसंबू नका. नेहमी गाठ पडते ती या मापांशी (एम म्हणजे मेट्रिक आटे, यूएनएफ म्हणजे अमेरिकी इंची आटे, एएन हा त्याच आट्यांच्या फिटिंगचा नंबर, बीएसपी म्हणजे ब्रिटिश पाइपचे आटे):

- एम १८ × १.५: व्यास १८ मिमी, पिच १.५ मिमी
- एम २२ × १.५: व्यास २२ मिमी, पिच १.५ मिमी
- ३/४-१६ यूएनएफ, म्हणजे एएन-८: व्यास १९.०५ मिमी, इंचाला १६ आटे
- ७/८-१४ यूएनएफ, म्हणजे एएन-१०: व्यास २२.२ मिमी, इंचाला १४ आटे
- १/२ इंच बीएसपी: व्यास २०.९५ मिमी, इंचाला १४ आटे

यादीतली दुसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. एम २२ आणि ७/८ यांच्या व्यासात जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक. एकावर दुसरा एक-दोन फेरे छान चढतो, मग घट्ट होतो, आणि माणसाला वाटतं आता बसला. जोर लावला की आटे गेले, तेही बहुधा कूलरचे. पिच गेज नसेल तर पाच आट्यांची लांबी मोजा: १.५ पिचला साडेसात मिमी भरते, १४ च्या आट्यांना ९ मिमीच्या वर. हा फरक डोळ्यालाही दिसतो.

बीएसपीतली गोम वेगळी. अर्धा इंच बीएसपी म्हणजे व्हर्नियरवर अर्धा इंच नव्हे, जवळजवळ २१ मिमी. ते नाव पाइपच्या आतल्या मापावरून आलेलं आहे. वर्कशॉपमध्ये ‘अर्ध्याची फिटिंग’ म्हटलं की कोण काय समजेल सांगता येत नाही. म्हणून तोंडी सांगू नका, जुनं टोक काउंटरवर ठेवा.

आता बैठक. निमुळते आटे सोडले तर आट्यांचं काम फक्त धरून ठेवण्याचं. तेल अडवते ती बैठक, आणि तिचे प्रकार असे:

३७ अंशांचा शंकू असेल तर ते जेआयसी किंवा एएन. धातूवर धातू बसतो, मध्ये काही लागत नाही. ६० अंशांचा शंकू बीएसपीत मिळतो. सपाट तोंडाच्या बीएसपीला धातूच्या कड्यात रबर चिकटवलेला बाँडेड वॉशर लागतो, साधा तांब्याचा चालवून घेऊ नका. बँजो बोल्टला (ज्याच्या आतून तेल जातं तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर, दर वेळी नवे. आणि काही कंपन्यांच्या मूळ नळ्यांना ओ-रिंग असलेलं टोक आणि बाहेरून स्प्रिंगची क्लिप असते. त्यासाठी त्याच गाडीचा अडॅप्टर शोधावा लागतो, बाजारातल्या साध्या फिटिंगने ते होत नाही.

सावधान: एसी-फ्रिजच्या कामाची पितळी फ्लेअर फिटिंग ४५ अंशांची असते. तिच्या काही मापांचे आटे ३७ अंशांच्या फिटिंगसारखेच असतात, ३/४-१६ आणि ७/८-१४ त्यातलेच. त्यामुळे ती शेवटपर्यंत नीट चढते, नटही आवळला जातो, पण आत दोन शंकू फक्त एका रेषेवर टेकलेले राहतात. गाडी थंड असताना कोरडी, तापली की ओली. पितळी आणि स्वस्त दिसली म्हणून उचलू नका.

टेफ्लॉन टेपबद्दल एकदाच: शंकूच्या किंवा ओ-रिंगच्या जोडाला ती लावायची नाही. ती बैठकीची गळती थांबवत नाही, आणि तिचे तुकडे सुटून तेलाच्या वाटेत जातात. काही इंजिनांत कूलरमधून परतलेलं तेल पुन्हा फिल्टरमधून जात नाही, थेट बेअरिंगकडे जातं.

तपासा: कागदावर चार ओळी हव्यात. प्रत्येकीत व्यास, पिच, बैठक, आणि टोक सरळ की ४५ की ९० अंशांचं. यातली एकही जागा रिकामी असेल तर अजून काही विकत घेऊ नका.

## टप्पा ४: नळी निवडा

इथे दाबापेक्षा तापमान महत्त्वाचं. भोसरी, चाकण, वाळूज किंवा अंबडच्या कुठल्याही हायड्रॉलिक होजच्या दुकानात एका तारेच्या जाळीची आर-१ नळी, जिला १एसएनही म्हणतात, दहा मिनिटांत क्रिम्प करून, म्हणजे टोकावर धातूचं कडं मशिनने दाबून बसवून, मिळते. दाबाला ती भरपूर पुरते. पण तिची साधी जात १०० अंश सेल्सिअसपर्यंतचीच असते. घाटात भरलेली गाडी चढवताना इंजिन ऑइल ११०-१२० अंशांवर सहज जातं. साधी नळी लगेच फुटणार नाही. पण आतून कडक होत जाईल आणि दोन वर्षांनी क्रिम्पच्या कडेला चिरेल. म्हणून दुकानात ‘किती बार’ विचारू नका, ‘किती डिग्री’ विचारा, आणि उत्तर नळीवर छापलेलं बघा.

पर्याय तीन. जास्त तापमानाची हायड्रॉलिक नळी कारखान्याच्या मशिनवर क्रिम्प करून घेणं हा माझ्या मते रोजच्या गाडीसाठी सर्वांत बिनघोर मार्ग. दुसरा, स्टीलच्या जाळीची सिंथेटिक रबराची नळी आणि पुन्हा वापरता येणारी एएन फिटिंग. ती घरी बांधता येते, वाकते छान. तिसरा, पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, अस्तर आणि वर स्टीलची जाळी. २०० अंशांचीही तिला पर्वा नाही, वर्षानुवर्षं टिकते, पण ताठ असते आणि कमी जागेत वळवायला गेलं की मोडते. एकदा मोड पडली की तो तुकडा बाद, सरळ करून वापरायचा नाही.

रबराच्या नळीची फिटिंग पीटीएफईला चालत नाही आणि पीटीएफईची रबराला. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. विकत घेताना नळी आणि फिटिंग एकाच कंपनीची घ्या.

हे वापरू नका: रेडिएटरची नळी, ती ईपीडीएम रबराची असते आणि तेलात फुगून लिबलिबीत होते, पेट्रोलची नळी, एसीची नळी, पारदर्शक प्लास्टिकची नळी. आणि मूळ धातूचा पाइप कापून त्याच्या गुळगुळीत टोकावर रबरी नळी चढवून दोन क्लिपा, हे तर नकोच. पाइपाच्या टोकाला उंचवटा नसेल तर गरम तेल रबर हळूहळू बाहेर ढकलतं, क्लिपा दोन असोत की चार. मूळ धातूचं टोक वाचवायचं असेल तर ते होज दुकानात द्या. ते जुनं कडं कापून काढतात आणि निपल शाबूत असेल तर नवी नळी नव्या कड्याने त्यावर क्रिम्प करतात. पॉवर स्टिअरिंगच्या नळ्यांचं हे काम ते नेहमी करत असतात. वळणदार मूळ पाइप कायम राहतो आणि टप्पा ३ मधली अर्धी डोकेदुखी जाते.

आता जाडी. मूळ नळीच्या आतल्या व्यासापेक्षा कमी घ्यायची नाही. इथेही आकड्यांचा घोळ आहे: हायड्रॉलिकच्या आर-१ नळीत ८ नंबर म्हणजे आतून अर्धा इंच, १२.७ मिमी. स्टीलच्या जाळीच्या एएन-८ मध्ये मात्र तो नंबर धातूच्या पाइपच्या बाहेरच्या मापाचा, आतून जेमतेम १०-११ मिमी. नंबर तोच, वाट अरुंद. मूळ नळी आतून १२-१३ मिमी असेल तर एएन-१० घ्या. आणि ठोकळ्यातून भोक पाडलेल्या काटकोनी एल्बोपेक्षा वाकवलेल्या पाइपचा ९० अंशांचा जोड घ्या, तेल कमी अडतं.

## टप्पा ५: वाट ठरवा, लांबी मोजा

आधी सगळे अडॅप्टर गाडीवर बसवा. कूलरच्या तोंडात फिटिंग हाताने तीन-चार फेरे सहज जायला हवी. पहिल्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर ती वाकडी शिरतेय, बाहेर काढा. ओ-रिंगला तेलाचं बोट लावा.

मग जाड दोरी किंवा बागेच्या नळीचा जुना तुकडा घेऊन वाट आखा. ताणून मोजू नका. इंजिन माउंटवर हलतं, कूलर बॉडीला पक्का असतो, शिवाय दाबाखाली नळी थोडी आखडते. दोन्ही टोकांना जोडाबाहेर काही अंतर सरळ जाऊन मगच वळण हवं. अर्धा इंच १एसएनला १८० मिमीपेक्षा घट्ट वळण देता येत नाही. तुमच्या नळीचा आकडा कंपनीच्या तक्त्यात बघा.

वाटेत काय-काय आहे ते एकेक बघा. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, गाडी उचललेली असताना आणि जमिनीवर असतानाही बघा. सायलेन्सर आणि टर्बोपासून दूर. जागाच नसेल तर पत्र्याचा आडोसा किंवा उष्णतारोधक बाही. पंखा, बेल्ट, बॉनेटचं कुलूप.

सावधान: स्टीलची जाळी कानसच असते. ती रेडिएटर, एसीचा पाइप, वायरिंग, सगळं कापते, आणि स्वतः वरून चकचकीतच राहते. बॅटरीच्या मुख्य वायरीचं आवरण तिने कापलं तर जागेवर शॉर्ट, आणि शेजारी गरम तेल. जिथे काही टेकू शकतं तिथे रबरी अस्तराचा पी-क्लॅम्प (नळीला वेढून बोल्टने पक्की करायची पट्टी) लावा, साधारण दर ३०-४० सेंमीला एक. प्लास्टिकचा टाय हा क्लॅम्प नाही.

## टप्पा ६: नळी बांधा

क्रिम्प करून घेणार असाल तर दोरीचा नमुना, चार ओळींचा कागद आणि जुनी टोकं घेऊन जा. दोन्ही टोकं वाकडी असतील तर त्यांचा एकमेकांशी कोन किती ते दाखवावं लागतं. क्रिम्प झाल्यावर टोक फिरत नाही. सर्वांत सोपं म्हणजे नळीवर टोकं हाताने चढवून, गाडीवर धरून, नळी आणि फिटिंगवर मार्करची सलग रेघ ओढायची.

घरी बांधताना:

१. कापायच्या जागी चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट वेढे द्या आणि पट्टीच्या मधून ग्राइंडरच्या पातळ डिस्कने काटकोनात कापा. हेक्सा (लोखंड कापायची करवत) चालतो, पण तारा विस्कटतात. बाहेर आलेली एकेक तार कापून टाका. बोटात घुसली की दिवसभर आठवण राहते.

२. फिटिंगचा मागचा भाग, म्हणजे सॉकेट, व्हाइसमध्ये मऊ पट्ट्यांत धरा. नळी हलके फिरवत आत ढकला. आतले आटे सुरू होण्याआधी एक-दीड मिमी थांबा.

३. सॉकेटच्या कडेला नळीवर मार्करने गोल खूण करा. ही खूण टाळू नका, पुढची खात्री हिच्यावरच आहे.

४. पुढच्या भागाच्या निपलला आणि आट्यांना इंजिन ऑइल लावा, सरळ धरून आत घाला आणि पान्याने आवळत जा. दोन षटकोनांमध्ये सुमारे एक मिमी फट उरेपर्यंत.

५. आता खूण बघा. नळी मागे सरकून खूण दीड मिमीपेक्षा जास्त बाहेर आली असेल तर निपलने नळी बाहेर ढकललीय. सगळं खोला, नळीचा तो भाग कापा, पुन्हा बांधा. आणखी आवळून हे दुरुस्त होत नाही.

पीटीएफईत क्रम वेगळा. नट आधी नळीवर सरकवायचा, कारण नंतर तो चढत नाही. मग जाळी अस्तरापासून अलगद मोकळी करायची आणि ऑलिव्ह, म्हणजे छोटं पितळी कडं, अस्तरावर, जाळीच्या आतून, तळापर्यंत बसवायचं. ऑलिव्ह आणि अस्तर यांच्यामध्ये एकही तार अडकता कामा नये. एक पुरते गळायला. ऑलिव्ह एकदाच वापरायचं.

लांबीबद्दल एक सवय लावून घ्या: आधी एकच टोक बांधा, गाडीवर लावा, नळी वाटेने न्या, आणि दुसऱ्या टोकाची खूण तिथेच करा. टेबलावर दोन्ही टोकं मोजून कापलेली नळी नेमकी दोन सेंमी कमी भरते.

तयार फिटिंग दाबून बसवायची खास रबरी नळीही मिळते. तिच्यावर क्लिप आवळू नका. तिची पकड निपलच्या खाचांवर असते आणि क्लिपने रबर त्याच खाचांवर कापलं जातं.

## टप्पा ७: साफ करा आणि दाब देऊन बघा

कापताना रबराचा भुगा आणि तारांचे तुकडे आत जातात. नळीतून रॉकेल ओता, दोन्ही बाजूंनी हवा मारा, मग स्वच्छ पांढऱ्या चिंधीचा बोळा आरपार ढकला. बोळ्यावर काळा ठिपका आला तर पुन्हा. शेवटी नळी उजेडाकडे धरून आतून बघा. निपल चढताना कधीकधी आतलं रबर सोलून त्याची जीभ तयार होते. ती बाहेरून कळत नाही, आणि तेलाच्या वाटेत झडपेसारखी उभी राहते.

दाबाची चाचणी होज दुकानातल्या हातपंपावर करून घ्या. १५ बार पुष्कळ झाले, पाच मिनिटं ठेवा. घरच्या कंप्रेसरची हवा भरून बादलीत बुडवणं मला पसंत नाही: दाबलेली हवा अचानक सुटते आणि नीट न बसलेली फिटिंग गोळीसारखी उडते. पाण्याने किंवा तेलाने चाचणी केली तर नुसता थेंब येतो.

## टप्पा ८: गाडीवर चढवा

चारही टोकं आधी हाताने लावा, नळी मोकळी ठेवा. नळीच्या लांबीवर एक सरळ रेघ असते, छापील नसेल तर मार्करने ओढा. आवळताना ती रेघ वळायला लागली तर नळीला पीळ पडतोय. फिटिंगचा षटकोन एका पान्याने धरूनच नट फिरवायचा.

किती आवळायचं? शंकूच्या जोडाला हाताने पूर्ण बसवल्यावर, पान्याला विरोध जाणवू लागला की तिथून नटाची साधारण एक बाजू, म्हणजे ६० अंश. कंपनीने टॉर्क (आवळायच्या जोराचा आकडा) दिला असेल तर तोच पाळा, आणि अॅल्युमिनियमच्या फिटिंगला स्टीलचा आकडा लावू नका. जास्त आवळलेला शंकू चिरतो. मग तो कधीच कोरडा राहत नाही. आवळून झाल्यावर नट आणि फिटिंगवर मिळून मार्करची एक रेघ ओढा. पुढे नट हलला का, ते नुसतं बघून कळेल.

क्लॅम्प सगळ्यांत शेवटी. आधी लावले की नळी क्लॅम्पला ताणून जोडाला बसवली जाते.

## टप्पा ९: कोरडं इंजिन सुरू करू नका

नवा फिल्टर तेल भरून लावा, आडवा बसत असेल तर मावेल तेवढं. कूलर आणि नळ्यांतही शेवटचा वरचा जोड लावण्याआधी तेल ओता. चेंबर भरा, आणि वर कूलरपुरतं अर्धा-एक लिटर हाताशी ठेवा.

मग गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. जुन्या डिझेलमध्ये इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा. गाडी सुरू होणार नाही अशा स्थितीत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये मिनिटभर थांबा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच फ्यूज परत.

इंजिन सुरू झाल्यावर रेस देऊ नका. एकाने चावीवर हात ठेवून दिवा बघायचा, दुसऱ्याने टॉर्चने चारही जोड. पाच सेकंदांत दिवा विझला नाही किंवा कुठे थेंब दिसला तर बंद. गळती बोटाने चाचपायची नाही, आणि इंजिन चालू असताना नट आवळायचा नाही.

अर्ध्या मिनिटाने बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा. पातळी खाली आलेली असेल, भरा.

## टप्पा १०: तापल्यावरची तपासणी

सँडविच प्लेटमध्ये किंवा फिल्टरच्या घरात थर्मोस्टॅट असेल तर तेल साधारण ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय कूलरकडे पूर्ण प्रवाह जातच नाही. म्हणजे घरासमोर उभ्या गाडीवर कोरडे दिसलेले जोड अजून परीक्षेला बसलेलेच नाहीत. जोड पुसून पुन्हा टाल्कम पावडर लावा, वीस मिनिटं गाडी चालवा आणि परत बघा. दूरच्या प्रवासाला याआधी निघू नका.

त्यानंतर १०० किलोमीटरला आणि ५०० किलोमीटरला मार्करच्या रेघा, क्लॅम्पखालची नळी आणि जाळी जिथे कशाच्या जवळून जाते ती प्रत्येक जागा बघा. जोड ओला असेल तर इंजिन थंड झाल्यावर किंचित आवळा. तरीही ओला राहिला तर खोलून बैठक तपासा, तिथे चीर किंवा कण असणार. दर तेलबदलाला हीच फेरी. रबराच्या अस्तराची जाळीवाली नळी वरून नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांत बदला, कारण आतलं रबर कडक झालेलं बाहेरून दिसत नाही. फिटिंग मात्र शंकू शाबूत असतील तर पुन्हा वापरता येतात. म्हणून टप्पा ३ चा तो कागद गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा. काढलेलं जुनं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या, ते वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे जातं. गटारात ओतायचं नाही.